जहाजावर आलेली फुंकणी

आमच्या दवाखान्याच्या गाड्यांना मोठे डॉक्टर जहाज म्हणायचे. बदलापूरला समुद्र नाही, अंबरनाथला नाही, उल्हासनगरला तर नाहीच नाही. पण डॉक्टरांची उमेदीची वर्षं एका धर्मादाय जहाजावर गेली होती. ते जहाज म्हणे गरीब देशांच्या बंदरांत महिनोन्‌महिने उभं राहायचं आणि माणसं होड्यांत बसून ऑपरेशनला यायची. तिथून परत आल्यावर डॉक्टरांनी एका ट्रस्टच्या मागे लागून तीन जुन्या बस मिळवल्या. एकीत ऑपरेशनची खोली, दुसरीत हत्यारं उकळायची यंत्रं आणि कपड्यांची कपाटं, तिसरीत आम्हा बायकांच्या झोपायच्या फळ्या. कुठल्या तरी शाळेचं पटांगण मागून घ्यायचं, बस उभ्या करायच्या, मधे ताडपत्री ताणायची आणि फाटक्या ओठांची, भाजून आखडलेल्या बोटांची ऑपरेशनं फुकट करायची, असा तो कारभार. ताडपत्रीखालच्या जागेला डॉक्टर डेक म्हणत, स्वयंपाकाच्या तंबूला गॅली आणि आम्हा फुकट राबणाऱ्यांना खलाशी. पहिल्या आठवड्यात मला त्याची मोठी गंमत वाटली. मग कंबर दुखायला लागली आणि गंमत संपली.

मी तिथे गेले ती काही सेवेची ओढ लागली म्हणून नव्हे. आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या घरात माझी आई काही वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं मीच केलं. कूस बदलणं, जखमा पुसणं, वाटीचमच्यानं भरवणं. ती गेली आणि माझे हात रिकामे झाले. सवय मात्र सुटेना. रात्री उठून मी रिकाम्या पलंगाची चादर सारखी करायचे. बुद्धविहारातल्या एका काकूंनी या गाड्यांचं सांगितलं, तेव्हा आमचे हे म्हणाले, "जा बाई जा. नाहीतर घरात मलाच पट्टी बांधून ठेवशील." एवढ्या भरघोस पाठिंब्यावर मी गेले.

तिथलं काम म्हणजे सकाळी उठायचं आणि झोपेपर्यंत कुणाचं तरी काहीतरी धुवायचं. ऑपरेशनची हिरवी फडकी बादल्यांत भिजवून, चोळून फुटबॉलच्या दोन खांबांमधल्या दोरीवर वाळत घालायची. वाळली की घडी घालून डब्यात भरायची, डबा यंत्रात जायचा. यंत्रातून बाहेर आलेल्या त्या गरम कापडाचा वास माझ्या नाकात इतका बसला होता की वरणभातालाही तोच वास यायचा. मग पेशंटना आंघोळी घालणं, बेडपॅन देणं आणि त्यांच्या नातेवाइकांच्या भानगडी सोडवणं. वीज दिवसाकाठी किती वेळा जाईल याचा नेम नव्हता. ती गेली की जनरेटर सुरू व्हायचा, आणि मग एकमेकांशी बोलायचं म्हणजे भांडल्यासारखं ओरडावं लागायचं. संध्याकाळपर्यंत आम्ही खरोखरच भांडत असू.

एक नियम फार कडक होता. आत टाके घालायचं काम चालू झालं की बसच्या पायऱ्यांच्या दांडीला लाल फडकं बांधायचं. ते दिसलं की कुणीही बसवर चढायचं नाही आणि टेकायचंही नाही. कारण जाड माणसानं पायरीवर पाय ठेवला तरी बस हलायची आणि आत डॉक्टरांची सुई हलायची. हे लाल फडकं बांधायचं काम माझ्याकडे होतं. उल्हासनगरला देणगी दिलेले एक शेठ त्या फडक्याला न जुमानता वर चढायला निघाले, तेव्हा मी त्यांचा झब्बा धरून त्यांना खाली ओढलं. माझ्या स्वभावाची कीर्ती तेव्हापासून पसरली.

दुसरा नियम पोटाचा. भूल द्यायची म्हणजे पेशंटच्या पोटात काही नको. हे सांगण्याचं कामही माझंच. आमच्याकडे 'उपाशी राहा' म्हटलं की लोक उपास धरतात, हे मला अंबरनाथ पूर्वेच्या मुक्कामात कळलं. एका बाईंनी सकाळी साबुदाण्याची खिचडी आणि दोन केळी खाऊन, हात जोडून "अगदी कडक पाळलाय हो" असं सांगितलं. तेव्हापासून मी उपास, उपाशी हे शब्दच सोडले. "तोंडात काही घालायचं नाही. पाणीसुद्धा नाही," असं म्हणायचे. दहा जणांना दहा वेळा सांगायचं आणि बसच्या पायरीशी शेवटचं विचारायचं. त्या वाक्याचा मला इतका कंटाळा आला होता की झोपेतही मी तेच बडबडते अशी तक्रार आमच्या भाभीनं केली.

भाभी म्हणजे गॅलीची मालकीण. उल्हासनगरची सिंधी बाई. तिथल्या मुक्कामात एक दिवस दाल-पकवान घेऊन आली आणि मग आमच्याबरोबरच निघाली. तिची मुलं मोठी झाली होती, सुनेशी पटत नव्हतं, आणि स्वयंपाकाशिवाय तिला चैन पडत नव्हतं. "वडी, तू कितना चिल्लाती है. खा ले पहले, फिर चिल्ला," असं म्हणून ती माझ्या हातात वाटी द्यायची. 'वडी' म्हणजे तिचं सिंधी 'अगं'. गॅलीत कुणीही येऊन काहीही मागितलं तर ती विचारपूस न करता देऊन टाकायची. याचा पुढे ताप झाला.

बदलापूर गावात आम्ही पोचलो तेव्हा पावसाळा सरला होता आणि सगळेजण मेटाकुटीला आले होते. माझे पाय संध्याकाळी इतके सुजायचे की चप्पल घालता यायची नाही. डॉक्टरांचा पट्टा कमरेवरून निघत नव्हता. बदलापूरनंतर गाड्या लांब दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होत्या, आणि मी तिथे जाणार नाही हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच.

अशा वेळी त्या दोघी आल्या. बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या एका वाडीवरची सासू आणि सून. सून तिशीची असेल. वरचा ओठ जन्मापासून नाकापर्यंत फाटलेला. आमच्याकडे असे पेशंट बहुतेक लहान मुलं असायची. एवढी मोठी बाई क्वचित. सासू वाळून काटकी झालेली, दम्यानं छातीचा भाता सतत चालू. ताडपत्रीखाली येऊन ती खांबाला टेकून बसली आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिली.

डॉक्टरांनी सुनेला विचारलं, "काय त्रास होतो?"

या प्रश्नावर लोक ओठाकडे बोट दाखवायचे, किंवा आई म्हणायची, ग्रहण लागलंय पोरीला. हिनं गाठोडं सोडलं आणि त्यातून लोखंडाची फुंकणी बाहेर काढली. चुलीत फुंकायची ती नळी, काजळीनं काळी झालेली. तोंडाला लावून तिनं जोर करून फुंकलं. ओठाच्या फटीतून फस्सकन वारा गेला. नळीच्या पलीकडच्या टोकातून चिमूटभर राखसुद्धा उडाली नाही.

"वारा हितून जातो," ती म्हणाली. "चूल पेटत नाय."

"आजवर मी फुंकली," सासू खांबाकडून म्हणाली. "आता माजा दम सरला. ही सुपानं वारा घालती, तर समदी राख भाकरीवर. घरात चूल फुंकनारं कोनी ऱ्हायलं नाय, डाक्टर."

नवरा भिवंडीकडे मजुरीला गेलेला, पोरं लहान. ओली लाकडं, वाळक्या पानांचा पातेरा, आणि त्यापुढे बसून दम लागेपर्यंत फुंकणारी म्हातारी. तिला आता एकेका भाकरीमागे दोनदा थांबावं लागत होतं.

डॉक्टरांनी फुंकणी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "आमच्या जहाजावर हे यंत्र नव्हतं," ते म्हणाले. मग बॅटरी लावून सुनेच्या तोंडात पाहिलं. टाळू शाबूत होती. "ओठ शिवला की वारा आतच कोंडेल. फुंकशील," ते म्हणाले.

ट्रस्टतर्फे एक मॅडम डिजिटल कॅमेरा घेऊन आल्या होत्या. त्यांना आधीचं आणि नंतरचं हसू हवं होतं. "जरा हसा ना," त्या सुनेला म्हणत राहिल्या. सुनेनं फुंकणी मांडीवर आडवी धरली आणि कॅमेऱ्याकडे अशी पाहत राहिली, जशी बाई दुकानदाराकडे पाहते, माप बरोबर पडतंय ना म्हणून. मला ती तेव्हाच आवडली.

तिचा नंबर लागला शेवटच्या दिवशी. त्या दिवशी दुपारी भुलीच्या डॉक्टर परत जाणार होत्या आणि ऑपरेशनची खोली बंद होणार होती. नंतर फक्त टाके काढेपर्यंत गाड्या थांबायच्या. म्हणजे आज झालं तर झालं. हे मी तिला आदल्या दिवशी नीट समजावलं. तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही.

"थुकी गिळली तर चालंल?" तिनं विचारलं.

"चालेल," मी म्हटलं. इतकं मन लावून माझं बोलणं कुणी ऐकलेलं मला आठवत नाही. सासू पोरांसाठी वाडीवर परत गेली आणि सून पेशंटसाठी मागून घेतलेल्या शाळेच्या वर्गात राहिली.

सकाळी मी तिला आंघोळ घातली, हिरवा झगा चढवला आणि तिला बसपाशी उभं करून आत नोंद करायला गेले. बाहेर आले तोवर सासू येऊन पोचली होती. एवढी डोंगरातली वाट तिनं दम्याच्या छातीनं अंधारातच उतरायला घेतली असणार. ती ताडपत्रीखाली बसली होती, पदराखाली काहीतरी झाकून. मी पाहिलं, पण लक्ष दिलं नाही. माझं डोकं दुखत होतं आणि रोजच्यासारखं शेवटचं वाक्य तेवढं म्हणायचं होतं.

"काही खाल्लं-प्यायलं नाहीस ना?"

"खाल्लं," ती म्हणाली. "दही-साखर."

मला आधी कळलंच नाही. इतक्या मुक्कामांत कुणी त्या प्रश्नाला 'खाल्लं' म्हटलं नव्हतं. साबुदाणावाल्या बाईसुद्धा 'पाळलाय'च म्हणाल्या होत्या.

मग माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. जनरेटर बंद होता, त्यामुळे साऱ्या पटांगणानं ऐकलं. भाभी गॅलीतून धावत आली. म्हातारीच्या पदराखालची वाटी तिनं पाहिली आणि कपाळाला हात लावला. "वडी, दही तो मैंने दिया! बुढी ने माँगा, थोडा दही, थोडी शक्कर. मुझे लगा खुद खाएगी."

म्हातारी माझ्याकडे टकमक पाहत होती. "ते खानं थोडंच हाय, बाय," ती म्हणाली. "कामाला जानाऱ्याच्या हातावर ठेवत्यात. शकुन हाय तो."

खरं तर तिचं काय चुकलं? माझ्या आईनंही मला दहावीच्या परीक्षेला जाताना दही-साखर दिलं होतं आणि मी ते न्याहारीत धरलं नव्हतं. पण भुलीच्या डॉक्टरांना शकुन सांगून काय उपयोग? त्या बाहेर आल्या, ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "दुधादह्याचं पोटात असेल तर मी भूल देणार नाही. भुलीत उलटी होऊन छातीत गेली तर बाई हातची जाईल. दुपारनंतर देता आली असती. दुपारी मी नसेन." त्यांचंही चुकत नव्हतं. कुणाचंच चुकत नसलं की भांडायलाही कुणी उरत नाही. मी पायरीवर बसले.

सून हिरव्या झग्यात तशीच उभी होती. मी तिला म्हटलं, "अगं, तिला माहीत नव्हतं. तुला तर माहीत होतं ना?"

"व्हतं," ती म्हणाली.

"मग?"

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मोठ्या कामाला जानाऱ्याला देत्यात ते. मी कवा कुठं गेले? लगीन झाल्यापून ह्या आयनं माज्या हातावर कंदी ठेवलं नाय. आज ठेवलं. मला नाय म्हनवलं नाय."

"बरं, खाल्लंस ते खाल्लंस. मग मला नाही म्हणून सांगायचंस."

"तुमी इचारलं," ती म्हणाली.

माझा सगळा राग उतरला आणि त्याच्या जागी फार मोठा थकवा आला. इतके दिवस त्या नियमाची पहारेकरीण होऊन बसले होते मी. पण ओठापेक्षा मोठं काही कुणाला तळहातावर मिळू शकतं, हे त्या नियमात कुठे होतं? मला रडू यायला लागलं, आणि मला चारचौघांत रडायचा तिटकारा आहे. म्हणून मी उठले आणि डॉक्टरांकडे गेले.

ते हात धूत होते. मी सगळं सांगितलं. फुंकणीची आठवण दिली, ती त्यांना द्यायची गरज नव्हती. ते बराच वेळ कोपरापर्यंत साबण चोळत राहिले. कमरेचा पट्टा त्यांनी त्या दिवशी दोनदा आवळला होता.

"मोठी बाई आहे," शेवटी ते म्हणाले. "पोर असतं तर शक्यच नव्हतं. भूल न देता, ओठ नुसता सुन्न करून करता येईल. इंजेक्शनं दुखतील. नंतर जागी राहून, न हलता पडायचं, तास-दीड तास. हलली तर मी तिथेच सोडून देईन. विचार तिला."

मी विचारलं. "हलनार नाय," ती म्हणाली.

पायऱ्यांना लाल फडकं भाभीनं बांधलं, कारण मी आत होते. डॉक्टरांनी मला तिच्या उशाशी बसवलं. तिचं डोकं माझ्या दोन्ही हातांत होतं. इंजेक्शन देताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, कानांवरून ओघळून माझ्या हातमोज्यांवर आलं, पण मान हलली नाही. मग ओठ बधिर झाला आणि ती वर दिव्याकडे पाहत राहिली. बाहेर म्हातारी खोकत होती. बसच्या पत्र्यातून तो खोकला आत स्पष्ट यायचा. खोकल्याची उबळ लांबली की सुनेची बोटं झग्याची कड धरायची आणि खोकला थांबला की सोडायची. तेवढीच तिची हालचाल.

मी देवाबिवाला मानत नाही. आमच्या घरात तशी रीतच नाही. पण त्या तास-दीड तासात मी आतल्या आत कुणाची तरी खूप मनधरणी केली. माझे पाय सुन्न झाले, पाठ मोडून आली, आणि मला तिथून उठायचं मात्र नव्हतं. शेवटचा टाका घालून डॉक्टरांनी सुई खाली ठेवली आणि कट्ट्याला धरून उभे राहिले. "अशी पेशंट जहाजावरसुद्धा नव्हती," ते म्हणाले.

भाभीनं म्हातारीपुढे जेवण ठेवलं, ते तिनं खाल्लं नाही. आपल्या हातच्या दोन चमचे दह्यानं काय होणार होतं, ते तिला आता कुणीतरी समजावून सांगितलं होतं. ती वाटी तिनं घासून, पुसून भाभीला परत दिली. पुन्हा मला ती गॅलीकडे फिरकताना दिसली नाही.

टाके निघाले त्या दिवशी ओठ सुजलेला, लाल होता, पण सलग होता. सुनेनं आरसा मागितला नाही. बोट लावून चाचपलं आणि गाठोड्यातल्या फुंकणीकडे हात नेला. डॉक्टर ओरडलेच. "अजिबात नाही! आत कच्चं आहे, उसवेल. मी सांगेपर्यंत फुंकणीला तोंड लावायचं नाही."

"कवा सांगाल?" सासूनं विचारलं.

"सांगू, सांगू," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. बाजूला ताडपत्री उतरवायचं काम चालू होतं, दोऱ्या सुटत होत्या, सामान चढत होतं. सासूनं फुंकणी सुनेच्या गाठोड्यातून काढून स्वतःच्या कनवटीला खोचली आणि दोघी निघाल्या. दुसऱ्या दिवशी जहाज गेलं. मी गेले नाही. भाभीही उल्हासनगरला सुनेशी तह करायला परतली.

घरी येऊन मी झोपले. किती झोपले ते आमचे हे अजून लोकांना सांगतात. मग दिवाळी गेली, संक्रांत गेली. एक दिवस भाभी घरी आली ती एक जाड शाल घेऊन. "उस बुढी को दे के आ ना," म्हणाली. "मेरे दही ने मेरे को सोने नहीं दिया." तिला स्वतःला डोंगर चढवत नव्हता. चढवत मलाही नव्हता, पण भाभीला नाही म्हणणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. बदलापूरहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून बारवीच्या बाजूला उतरले आणि विचारत विचारत वाडीवर पोचले. वाटेत तीनदा बसले. या वाटेनं ती दम्याची म्हातारी दही-साखर द्यायला अंधारात उतरली होती, हे प्रत्येक वेळी आठवलं.

झोपडीच्या दारातून धूर येत होता. आत वाकून पाहिलं तर चुलीपुढे म्हातारी बसलेली. फुंकणी तोंडाला लावायची, एकदा फुंकायची, खोकायची, छाती धरून थांबायची, पुन्हा फुंकायची. सून भिंतीशी उभी, हातात पीठ भिजवलेली परात. तिचा ओठ छान जुळून आला होता. बारीक रेघ तेवढी राहिली होती.

माझा पारा चढला. पाणी मागायच्याही आधी मी म्हटलं, "हे काय चाललंय? ही धडधाकट उभी आहे आणि तुम्ही काय फुंकताय?"

म्हातारीला उत्तर द्यायला वेळ लागला. आधी श्वास गोळा करावा लागला. "डाक्टरांनी अजून सांगलं नाय," ती म्हणाली.

मी शालीची पिशवी खाली ठेवली.

"ते म्हनले, मी सांगंपत्तुर नाय. आमी वाट बघतोय. माजा पोरगा भिवंडीसनं आला तवा दोन डाव जाऊन आला साळंच्या पटांगनात. गाड्या नाय. कोनी नाय." तिनं पुन्हा श्वास घेतला. "ही म्हनती, फुंकू का, फुंकू का. मी फुंकनी दिली नाय. एक डाव माज्या हातानं तिचं काम जानार व्हतं, बाय. दुसऱ्या डावाला जाऊ देनार नाय."

ओठ केव्हाच पक्का झाला होता. महिनाभर जपला असता तरी पुरे होतं. सारा थंडीचा मोसम त्या म्हाताऱ्या बाईनं, उरलासुरला दम चुलीत घालून, डॉक्टरांच्या तोंडच्या एका जाता जाता टाकलेल्या शब्दाची राखण केली होती. आणि आम्ही सगळे आपापल्या घरी पाय वर करून झोपलो होतो. मला तिचा राग आला, डॉक्टरांचा आला, आणि मग रागच उरला नाही. मी भाभीची शाल तिच्या खांद्यांवर टाकली. तिनं ती पाहिलीसुद्धा नाही. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"तू जहाजातलीच ना," ती म्हणाली. "तू सांगतीस का?"

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. फडकी धुणारी बाई. मोबाइल काढून पाहिला, तर तिथे रेंजचा पत्ता नाही. मी सुनेला दारातल्या उजेडात आणलं, तिची हनुवटी धरली आणि डॉक्टर दाबायचे तसा अंगठ्यानं ओठ दाबून पाहिला. घट्ट होता.

"फुंक," मी म्हटलं.

म्हातारीनं फुंकणी पदरानं पुसली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. सून चुलीपुढे बसली. नळी तोंडाला लावून तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग तिचे गाल फुगले. फुगलेले गाल त्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच पाहत होते. तिनंही ते पहिल्यांदाच फुगवले असणार. लाकडाखालची राख उडाली, निखारा लाल झाला, आणि दुसऱ्या फुंकेला जाळ वर आला.

म्हातारी जाळाकडे पाहत नव्हती. सुनेच्या गालांकडे पाहत होती. मग गुडघ्यांवर हात देऊन उठली, चुलीपुढची आपली जागा सोडून दारात, वाऱ्याला जाऊन बसली आणि शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"बस, बाय," ती मला म्हणाली. "चहा पिऊन जा. आता ती करंल."